यमुनाक्कांची विचारणा

"हा शब्द काढून टाक," यमुनाक्का म्हणाल्या.

"कुठला?"

"विनंती."

इथे कर्नाटकाच्या राजधानीत, शिवाजीनगरला बस स्टँडच्या मागे एका नोटरीच्या ऑफिसात मी कन्नड आणि इंग्रजी टायपिंग करते. अर्ज म्हटला की 'सविनय विनंती' ही अक्षरं माझ्या बोटांतून आपोआप उतरतात, त्यांच्याकडे बघावंही लागत नाही. समोर बसलेल्या उंच, काटकुळ्या बाईंनी अर्ज कुणाला करायचा आणि विषय काय, एवढं सांगितलं होतं. बाकीचं मी सवयीने सुरू करून टाकलं होतं.

"अहो, अर्जात विनंती लिहावीच लागते," मी म्हटलं.

"का?"

मी कीबोर्डवरून हात उचलले.

"आमच्या भागात एक बाई बाळंतपणात जाऊ दिली. आई मेली की चौकशी करायची, हा सरकारचाच नियम. चौकशीत काय निघालं ते सांगायचं, हेही त्यांचंच काम. मग मी विनंती कशाची करू? रस्त्यावरचा दिवा गेला तर आपण खांबाच्या पाया पडतो का? 'विचारणा' लिही. कन्नडात त्याला काय म्हणतात ते तुला ठाऊक."

मी लिहिलं. छापलेला कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला, "सरी," म्हणजे ठीक, म्हणाल्या, सही केली आणि उठल्या. दाराशी जाऊन पुन्हा वळल्या.

"मी 'जाऊ दिली' म्हटलं होतं. तू 'मरण पावली' टाकलंस."

"कन्नडात 'जाऊ दिली' कसं लिहिणार, अक्का?"

"शोध. पुढच्या वेळेपर्यंत शोधून ठेव."

पुढची वेळ आठवड्याभरातच आली. मग ती सहा-सात वर्षं येतच राहिली.

आपल्यात 'बाळंतपणात गेली' असं म्हणतात. त्यांच्यासमोर कुणी असं म्हटलं की त्या बोलणाऱ्याला तिथेच अडवत. "गेली म्हणजे? बाजारात गेली? बाई स्वतःहून कुठे जात नाही. पोटातलं पोर बाहेर आलेलं असतं, तिला त्याचं तोंड बघायचं असतं. तिला जाऊ दिली म्हण." लग्नकार्यात, भाजीच्या गाड्यापाशी, अगदी तेराव्याच्या जेवणातसुद्धा त्यांनी ही दुरुस्ती केलेली मी ऐकली आहे. माणसं कानकोंडी होत. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

यमुनाक्का माने. घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं. आता घरात मराठी, दारात कन्नड आणि रागावल्यावर दोन्ही. शहरातल्या एका सरकारी प्रसूतिगृहात त्यांनी पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्या तरी वॉर्डातल्या सवयी काही सुटल्या नाहीत. साडीला छातीशी उलटं घड्याळ टाचलेलं असे. जेवायच्या आधी हात कोपरापर्यंत धूत, ऑपरेशनला चालल्यासारखे. आवाज लेबर रूममध्ये कमावलेला, त्यामुळे त्या हळू बोलल्या तरी आमच्या ऑफिसातले चारही टायपिस्ट हात थांबवत.

आणि कुठलीही पोटुशी बाई दिसली की तिच्यासमोर उभं राहून म्हणायच्या, "डोळा दाखव." खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग बघायच्या. रसेल मार्केटबाहेर गजरे विकणारी एक पोर होती, तिला तर रोज. "पांढराफटक आहे. गोळ्या मिळाल्या का? नाही? का नाही? कोण म्हणालं संपल्यात म्हणून? नाव काय तिचं?" गजरेवालीला वाटायचं आपल्यावर ओरडतायत. मग त्या तिला बरोबर घेऊन दवाखान्याच्या खिडकीशी जायच्या आणि तिला कळायचं की ओरडणं तिच्यासाठी होतं, तिच्यावर नव्हतं. तासाभराने ती पोर गोळ्यांचं पाकीट घेऊन परत यायची. गजरे तोवर सुकलेले असायचे. ते यमुनाक्का स्वतः केसांत माळायच्या, सगळेच्या सगळे. सत्तरीच्या बाईच्या अंबाड्यावर एवढी फुलं बघून लोक हसत.

माझ्या आतेबहिणीच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. इथे आम्हीही त्याला सीमंतच म्हणतो. समाजाच्या हॉलमध्ये हिरव्या साड्या, हिरव्या बांगड्या, फुलांची वाडी भरलेली मुलगी, गाणी. यमुनाक्का ओटी भरायला पुढे गेल्या, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि शेजारी बसलेल्या तिच्या सासूला विचारलं, "बाळंतपण कुठे करणार?"

सासूबाईंनी महादेवपुराकडच्या एका नव्या हॉस्पिटलचं नाव कौतुकाने सांगितलं. खोल्या हॉटेलसारख्या आहेत म्हणाल्या.

"रक्त ठेवतात का तिथे?"

गाणं म्हणणाऱ्या बायका थांबल्या.

"शुभ दिवशी असलं काय बोलता, अक्का?" सासूबाई म्हणाल्या.

"अशुभ काय आहे त्यात? वार अडकली, अंगावरून जायला लागलं, तर खोलीतला टीव्ही बघून थांबणार आहे का? विचारून या. नसेल ठेवत तर कुठून आणतात, किती वेळ लागतो, लिहून घ्या." मग मागे वळून जमलेल्या पुरुषांना म्हणाल्या, "हिचा गट बी निगेटिव्ह. तुमच्यातल्या कुणाकुणाचा आहे? जेवायला बसण्याआधी नाव आणि फोन सांगा."

पुष्कळजण उठून गेले. आतेबहीण माझ्याकडे बघत होती, कारण अक्कांना बोलावलं होतं मी. पण दोघांनी नावं दिली. एक मुलीचा चुलत सासरा, दुसरा हॉलचा स्वयंपाकी. यमुनाक्कांनी ती चिठ्ठी मुलीच्या ओटीत, नारळाच्या खाली ठेवली. मुलगी सुखरूप बाळंत झाली, रक्त लागलंही नाही. सासूबाई मात्र हॉस्पिटलमध्ये विचारून आल्या होत्या, आणि हॉस्पिटल बदललंही होतं. हे त्यांनी अक्कांना कधी सांगितलं नाही, मला सांगितलं.

दुसरा एक प्रसंग महिला दिनाचा. कुठल्याशा सरकारी कार्यक्रमात त्यांचा सत्कार ठेवला होता. शाल, फळांची परडी, म्हैसुरी फेटा. माइकवर 'सेवामूर्ती' वगैरे झालं. त्या मंचावर गेल्या, फेटा घालू दिला, शाल मात्र हातानेच अडवली आणि माइक ओढून घेतला.

"गेल्या वर्षी आपल्या भागात किती आया जाऊ दिल्या, त्यांच्या चौकशीचा अहवाल मी मागितला होता. तीनदा मागितला. शाल तुमच्याकडेच राहू दे, अहवाल द्या."

समोर टाळ्या वाजवायला आणलेल्या शाळेच्या मुली होत्या. त्यांना वाटलं भाषण संपलं. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. यमुनाक्का त्यांना म्हणाल्या, "छान. अजून वाजवा," आणि फेटा डोक्यावर तसाच ठेवून मंचावरून उतरल्या. बसमध्येही तो त्यांच्या डोक्यावर होता. कंडक्टरने उठून नमस्कार केला.

पण मला सांगायचंय ते रेणुकाचं.

रेणुका आणि मल्लेश उत्तर कर्नाटकातून कामाला आलेले. महादेवपुरात एका आयटी पार्कच्या मागच्या पत्र्याच्या वस्तीत राहायचे. ती त्याच पार्कमधल्या एका इमारतीत साफसफाई करायची, तो बांधकामावर. सातव्या महिन्यापर्यंत तिने काम केलं. दिवस भरले तेव्हा सकाळीच कळा सुरू झाल्या, आणि मल्लेश व त्याची आई शांतव्वा तिला शेजाऱ्याच्या रिक्षातून जवळच्या सरकारी प्रसूतिगृहात घेऊन गेले. साडेबाराला मुलगी झाली. वार पडेना, रक्त थांबेना. सव्वा वाजता एका कागदावर 'मोठ्या रुग्णालयात पाठवले' असं लिहून त्यांना बाहेर काढलं. ॲम्ब्युलन्स नव्हती. त्याच रिक्षातून ते निघाले. चार वाजून दहा मिनिटांनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचले, तेव्हा रेणुकाचा श्वास थांबला होता.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, 'कुटुंबीयांनी नेण्यास विलंब केला.'

सव्वा ते चार-दहा. पाऊण तासाच्या रस्त्याला तीन तास. मधल्या वेळेचा कुठे कागद नव्हता. मल्लेश सांगत होता की आम्ही मध्ये दोन रुग्णालयांत गेलो होतो, एकाने आवारातूनच परत पाठवलं, दुसऱ्याने आत घेऊन पाच मिनिटांत बाहेर. पण दोन्ही रुग्णालयांनी लेखी कळवलं होतं, असा पेशंट आमच्याकडे आलाच नाही.

रेणुकाची आई गावाहून आली, तिने तो कागद कुणाकडून तरी वाचून घेतला आणि नात उचलून गावी निघून गेली. जाताना शांतव्वाला म्हणाली, "तीन तास माझ्या लेकीला कुठे फिरवत होता? देवळं बघत होता?" मल्लेशने गावी फोन केला तर ती उचलायची नाही. दोन महिने त्याने आपली मुलगी पाहिली नव्हती.

एका रविवारी मी यमुनाक्कांबरोबर त्या वस्तीत गेले. मल्लेश पत्र्याच्या भिंतीला टेकून बसला होता. अक्कांनी विचारायला सुरुवात करायच्या आतच म्हणाला, "बहुतेक मीच उशीर केला असेल, अम्मा. कागदात तसंच लिहिलंय."

"कागद कुणी लिहिला?"

"डॉक्टरांनी."

"डॉक्टर रिक्षात होते?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग तू सांग. कितीला निघालात, कुठला सिग्नल, कुठे थांबलात. मी लिहिते."

अडीच तास बसलो. शांतव्वाने चहा केला. बाईला अशा वेळी वेगळंच काहीतरी आठवतं. तिला आठवत होतं की दुसऱ्या गेटवर शाळा सुटलेली मुलं रिक्षात डोकावून बघत होती आणि तिने पदर आडवा धरला होता. यमुनाक्कांनी ताबडतोब विचारलं, "कुठली शाळा? गणवेश कुठल्या रंगाचा?" त्यावरून शाळा सापडली, ती दुपारी किती वाजता सुटते ते सापडलं. आणि पहिल्या गेटवरचं मल्लेशला एवढंच आठवत होतं की वॉचमनने आधी वहीत रिक्षाचा नंबर लिहिला, मग विचारलं काय झालंय.

यमुनाक्का चहाचा पेला खाली ठेवून म्हणाल्या, "वही. देवा, वही!"

डॉक्टरांनी काही लिहिलं नव्हतं. वॉचमनने लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गेटवर गेलो. म्हातारा वॉचमन तिथेच होता. अक्कांनी त्याच्याशी पावसापाण्याचं, गुडघ्यांचं बोलून घेतलं आणि मग तारीख सांगितली. त्याने वही उघडली, पान फिरवलं, बोट ठेवलं. रिक्षाचा नंबर होता. आत : एक पन्नास. बाहेर : दोन पाच. कारणाच्या रकान्यात त्याच्या वाकड्या अक्षरात 'हेरिगे', म्हणजे बाळंतपण. फोटो मात्र काढू देईना, नोकरी जाईल म्हणाला. अक्का म्हणाल्या, "तुझी नोकरी घालवायला मी आलेली नाही. वही तेवढी सांभाळ."

त्या संध्याकाळी मी माहितीच्या अधिकारातला अर्ज टाइप केला. उत्तर आलं, अशी नोंद ठेवली जात नाही. आम्ही अपील केलं. अपिलाच्या दिवशी यमुनाक्का अधिकाऱ्याच्या खोलीबाहेर सकाळी दहापासून बसल्या. शिपाई तीनदा येऊन सांगून गेला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. चौथ्यांदा आला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं. मग मीटिंगलाच जाते," आणि दार उघडून आत गेल्या. पान मिळालं. शिक्क्यासकट.

दुसऱ्या रुग्णालयाची वही वाळवीने खाल्ली, असं लेखी उत्तर आलं. यमुनाक्का खूप हसल्या. "चार-पाच महिन्यांपूर्वीची वही खाल्ली, आणि दहा वर्षांपूर्वीच्या ठेवल्या. शहाणी वाळवी आहे."

जिल्ह्याच्या कचेरीत आढावा बैठक होती. नियमाप्रमाणे घरच्यांना बोलवावं लागतं, त्यामुळे मल्लेश आणि शांतव्वा लांबलचक टेबलाच्या टोकाला बसले. घरच्यांच्या वतीने बोलायला यमुनाक्का होत्या, आणि मी त्यांच्यामागे वही घेऊन. टेबलाभोवती तिन्ही रुग्णालयांचे वैद्यकीय अधिकारी, त्यांच्या हाताखालचे डॉक्टर, प्रसूतिगृहाची माणसं. अध्यक्ष साहेब चांगले होते, कंटाळलेले होते, पण उद्धट नव्हते. त्यांनी वहीचं पान बघितलं, चष्मा काढला, पुन्हा बघितलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "एका ठिकाणी गेले होते, असं दिसतं. पण त्यानंतरचे दोन तास राहतातच. दुसऱ्या रुग्णालयाचं म्हणणं आहे, आले नाहीत. कागद नाही. मी काय लिहू?"

"कागद कसा नसतो ते मी सांगते," यमुनाक्का म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण पुढचं मला माहीत नव्हतं.

"मी नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. आनेकलहून एक मुलगी आली, नाव भाग्या. अगरबत्तीच्या कारखान्यात कामाला. हातांना वास होता. सकाळी नऊला आली. मीच दाखल केलं, मीच वेळ लिहिली. दुपारी बाळंत झाली आणि रक्त जायला लागलं. डॉक्टर जागेवर नव्हते. मी फोन करत राहिले. एका हाताने तिचं पोट दाबून धरलं होतं, दुसऱ्या हातात फोन. तिने मला विचारलं, सिस्टर, मुलगा की मुलगी? मी सांगितलं मुलगा. तिला तो दाखवायला मला हात मोकळा नव्हता. संध्याकाळी डॉक्टरांनी नवा केसपेपर केला. त्यात लिहिलं, पेशंट दुपारी दोनला अत्यवस्थ स्थितीत आली. खाली नर्सची सही हवी होती."

यमुनाक्कांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले.

"मी सही केली. माझी नोकरी होती, घरी लहान मुलगी होती. भाग्याच्या नवऱ्याला सांगितलं गेलं, तू उशिरा आणलीस. तोही यांच्यासारखाच बसला होता, भिंतीला टेकून. मी त्याच्यासमोरून गेले आणि काही बोलले नाही. म्हणून सांगते साहेब, कागद नाही म्हणजे काही घडलं नाही, असं नसतं. कागद आम्ही करतो. न करणारेही आम्हीच. तुम्हाला कुणाचं नाव लिहायचं असेल तर आधी माझं लिहा. यमुना माने, स्टाफ नर्स. मग पुढचं विचारा."

त्या बसल्या नाहीत. साहेबांनी पेन उचललं आणि ठेवून दिलं. कुणीतरी म्हणालं, हा आजचा विषय नाही.

मग टेबलाच्या पलीकडच्या बाजूने एक खुर्ची सरकली. दुसऱ्या रुग्णालयाची तरुण डॉक्टर. तीस वर्षांचीही नसेल.

"आल्या होत्या, सर," ती म्हणाली. तिच्या शेजारी बसलेल्या वरिष्ठांनी तिच्याकडे झटकन पाहिलं, पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "शाळा सुटायची वेळ होती. मी बाहेर येऊन नाडी बघितली, आत घेतलं. आमच्याकडे रक्त नव्हतं. मला वरून सांगितलं गेलं, दाखल करू नकोस, आपल्याकडे मृत्यू दिसेल. मी पाठवून दिलं. नोंद केली नाही. दाखल न केलेल्याची नोंद करायची नाही, असं आम्हाला सांगितलेलं असतं." मग ती मल्लेशकडे वळली. "तुम्ही उशीर केला नाही. तुम्ही धावतच आला होता. मी पाहिलंय."

मल्लेशला कानडी समजत होती आणि ती कानडीतच बोलली होती, तरी तो शांतव्वाकडे बघून विचारत होता, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या?

अहवालातलं वाक्य त्या दिवशी खोडलं गेलं. त्याच्या जागी काय लिहिलं ते साहेबांनी मोठ्याने वाचलं : कुटुंबाकडून विलंब झालेला नाही. मल्लेश म्हणाला, "परत वाचा, सर." साहेबांनी परत वाचलं. "कन्नडात लिहून मिळेल?" साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. तिथल्याच एका कॉम्प्युटरवर मी ते टाइप केलं. या वेळी कुठे थांबावं लागलं नाही, 'जाऊ दिली'साठी कन्नड शब्दही सापडला, किंवा मी बनवला म्हणा. साहेबांनी तो खोडला नाही.

ती प्रत घेऊन मल्लेश आणि शांतव्वा त्याच आठवड्यात गावी गेले. शांतव्वाने परत आल्यावर सांगितलं, विहीणबाईंनी कागद शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला. मग कुणाशी काही न बोलता आत गेल्या, मुलगी आणून मल्लेशच्या मांडीवर ठेवली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसून रडल्या.

त्या तरुण डॉक्टरची बदली झाली. तिच्याबद्दलही यमुनाक्कांनी अर्ज केला, खरं बोलल्याची शिक्षा का, म्हणून. त्याचं उत्तर आजवर आलेलं नाही. ज्यांनी 'दाखल करू नकोस' म्हटलं होतं, ते त्याच जागी आहेत. आणि भाग्याच्या नवऱ्याला शोधायला त्या आनेकलला चार वेळा जाऊन आल्या. पत्ता जुना, कारखाना बंद. पाचव्यांदा त्याची बहीण भेटली. तो वारला होता. मुलगा कुठेतरी गाडी चालवतो म्हणाली. यमुनाक्कांनी त्याला गाठून सगळं सांगितलं, स्वतःच्या सहीसकट. तो काय म्हणाला ते मी विचारलं. "म्हणाला, आता कशाला आलात? बरोबर बोलला," एवढंच सांगून त्या हात धुवायला गेल्या.

त्या बैठकीतून एक आदेश मात्र निघाला. गेटवर आलेल्या प्रत्येक गरोदर आणि बाळंतिणीची नोंद करायची. फोन करून जागा आणि रक्त आहे याची खात्री केल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. पाठवताना गाडी द्यायची आणि बरोबर नर्स. आदेश प्रत्येक प्रसूतिगृहाच्या दर्शनी भिंतीवर लावायचा, असंही त्यात होतं.

यमुनाक्का गेल्या फाल्गुनात वारल्या. हृदय थांबलं, घरीच, सकाळी. त्यांच्या लेकीने कळवलं तेव्हा मी ऑफिसात होते. अंत्यदर्शनाला मी गेले, पण तो चेहरा माझ्या लक्षात नाही. मला दिसतात त्या त्याच्या पंधरा दिवस आधीच्या.

आदेश निघून तीन महिने झाले होते, आणि रेणुका जिथे बाळंत झाली त्या प्रसूतिगृहाच्या भिंतीवर तो लागला नव्हता. मी तो मोठ्या अक्षरांत टाइप करून दिला. सकाळी तपासणीची रांग लागली होती, चाळीसेक बायका, काहींबरोबर सासवा. यमुनाक्कांनी पिशवीतून पांढरी चिकटपट्टी काढली आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर कागद लावला. चारही कोपरे अंगठ्याने दाबले.

आतून एक कारकून धावत आला. "परवानगी आहे का? काढा तो."

"तुमचाच आदेश आहे. वाचा."

"मोठ्या मॅडमना विचारल्याशिवाय भिंतीवर काही लावायचं नाही. बाजूला व्हा."

यमुनाक्का बाजूला झाल्या नाहीत. वळल्या, आणि कागदाला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. कारकुनाने हात पुढे केला, पण आता कागद फाडायचा तर या बाईला धरून ओढावं लागलं असतं, आणि चाळीस बायका बघत होत्या.

"पोलिसांना बोलावतो," तो म्हणाला.

"बोलवा. त्यांच्याही घरी बायका असतील. त्यांनाही सांगते."

मग त्यांनी रांगेकडे बघून बोलायला सुरुवात केली. कागद पाठीमागे होता, पण त्यांना तो पाठ होता. एकेक कलम, कन्नडात, लेबर रूमच्या त्या आवाजात. पुढच्या एका पोटुशा मुलीने विचारलं, "म्हणजे मला पाठवलं, तर बरोबर नर्स येणार?"

"आलीच पाहिजे."

"आणि नाही आली तर?"

"पाठवणाऱ्याचं नाव विचारायचं. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मुलीने शेजारणीकडे बघितलं. शेजारणीने मागे सांगितलं. रांग हळूहळू खिडकीकडून भिंतीकडे वळली. खिडकीतली बाई "नेक्स्ट, नेक्स्ट" म्हणत होती आणि कुणी पुढे जात नव्हतं.

मला ऑफिसला उशीर होत होता. फाटकापर्यंत गेले आणि मागे बघितलं. कारकून फोनवर कुणाशी तरी बोलत होता, दुसरा कान बोटाने बंद करून. आणि यमुनाक्का तिसरं कलम पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या, कारण मागच्या बायकांना ते नीट ऐकू गेलं नव्हतं.